कॉलरमामांचा प्रश्न

स्टुडिओत त्यांना सगळे कॉलरमामा म्हणत. पाहुण्याच्या कॉलरला माइक लावायचा, आपण हेडफोन चढवायचा आणि विचारायचं, "सकाळपासून काय खाल्लंत?" आवाज तपासायची ही त्यांची तेवीस वर्षांची रीत. कॅमेऱ्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळते, पण नाश्त्याचा विषय निघाला की गडी खुलतो.

आजचा पाहुणा नट होता. विषय भारदस्त: व्यायाम, कला आणि आजचा पुरुष. मामांनी नेहमीसारखं विचारलं.

"काही नाही," नट हसला. "कालपासून पाणीसुद्धा नाही, मामा. उद्या उघड्या अंगाने फोटो आहेत ना. अंग सुकलं की स्नायू उठून दिसतात."

मामांचा हात कॉलरवरच थबकला.

हे त्यांनी एकदा फोनवर ऐकलं होतं, पोटच्या पोराकडून. पोरगं चित्रं काढायचं, झकास काढायचं. मामांना मात्र ते बायकी वाटे. "जरा पुरुषासारखा दिस," असं उठता-बसता ऐकवून त्यांनीच त्याला व्यायामशाळेत धाडलं. रंगांचा डबा माळ्यावर गेला. शरीरसौष्ठव स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "बाबा, कालपासून पाणी नाही. डोकं गरगरतंय." आणि आमचे शहाणे मामा काय म्हणाले? "शाब्बास! आता शोभतोस माझा मुलगा." दुसऱ्या दिवशी मंचामागे तो कोसळला, तो उठलाच नाही. आवाजातली एवढीशी खरखर पकडणारा हा माणूस, पण पोराच्या घशाची कोरड काही त्याला ऐकू आली नाही.

मुलाखत सुरू झाली. पुरुषानेही रडावं, मन मोकळं करावं, असं नट छान बोलत होता. टाळ्या पडत होत्या. मामांना हेडफोनमध्ये टाळूला चिकटून सुटणारी त्याची जीभ ऐकू येत होती. चित्रीकरण चालू असताना कोणी मध्ये जायचं नाही, हे नवख्यांना तेच दरडावून शिकवत. तेच उठले, पेला भरला आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मामा, अहो काय करताय!" मुलाखत घेणारी बाई ओरडली.

"पी बाळा," मामा नटाला म्हणाले. "माझ्या पोराला मी हे सांगितलं नाही. गेला तो."

निर्मात्याने चित्रीकरण थांबवलं. चारचौघांत मामांची खरडपट्टी काढून त्यांना जागेवर पिटाळलं. मामांनी मुकाट्याने हेडफोन चढवला. नट पाठमोरा उभा होता, पेला हातात तसाच. माइक चालूच होता. आधी नुसता श्वास आला. मग एक घोट, दुसरा, मग घटाघटा.

"आणखी आहे का, मामा?" नटाने माइकमध्येच विचारलं.

"आणतो रे," म्हणत मामा उठले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडायला लागले. डोकं गरगरतंय म्हणताना पोरानेही हेच तर मागितलं होतं.