शटरआडचे हलव्याचे दागिने

कर्वेनगरातली आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेलो आणि मागे फक्त गॅरेज आवरायचं राहिलं. गॅरेज म्हणायचं एवढंच, त्यात गाडी कधी उभी राहिली नाही. घरात जागा नाही आणि टाकायचा धीर नाही, असं सगळं वर्षानुवर्षं त्या शटरआड गेलं होतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी सासूबाई शटरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. ऐंशी ओलांडलेल्या, हात सतत थरथरणारे, जीभ मात्र शाबूत. भंगारवाल्याचा टेम्पो दारात उभा. मी वस्तू दाखवायची, त्यांनी निकाल द्यायचा. गंजका कूलर, आकाशकंदिलांचे सांगाडे, कोळशाची शेगडी, सगळ्यालाच "जाऊ दे". हँडल तुटलेली सूटकेस मी हळूच बाजूला ठेवली, तर म्हणाल्या, "ती घेऊन परदेशी निघालीस का?" मला रागच आला. माझा निम्मा संसार टेम्पोत चढत होता आणि या बाईंना काही म्हणजे काही वाटत नव्हतं!

अगदी मागे, भिंतीला टेकून, एक पत्र्याचा डबा होता. झाकणाच्या कडेने मेण ओतून बंद केलेला. मेण खरवडलं, झाकण उघडलं आणि मी तिथेच फतकल मारून बसले.

आत माझ्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने होते. हार, बाजूबंद, कमरपट्टा, नथ. साखरेचे दाणे जरासे पिवळट झाले होते, पण मुंगी लागली नव्हती आणि दाण्यादाण्यावरचा काटा जसाच्या तसा होता. साखर ती! इतके पावसाळे या कोंदट जागेत कशी टिकली असेल?

ते सासूबाईंनीच केले होते. काळी साडी नेसून मी ते मिरवले, फोटो काढले. ते होताना मात्र पहाटेची थंडी असायची, शेगडीत जेमतेम धगीचे निखारे, वर परात, आणि सासूबाई तिळांवर थेंब थेंब पाक सोडून बोटांनी फिरवत बसलेल्या. धग वाढली की काटा मोडतो, म्हणून नजर हलत नसे. बोटं लालबुंद व्हायची. मी चहा नेला तरी त्या मान वर करत नसत.

नथ मी त्यांच्या तळहातावर ठेवली. थरथरत्या बोटांनी त्या ती चाचपत राहिल्या.

"हे मी केलंय?" आवाजात थट्टा नव्हती.

"तुम्हीच, आई."

"बाई गं!" म्हणाल्या, आणि स्वतःच्याच हातांकडे बघत बसल्या.

"हे मात्र मी नेणार," मी म्हणाले.

"अगं, आता हवा लागली त्याला. पाणी होईल त्याचं."

खरंच होतं ते. मेणामुळे टिकलं होतं आणि मेण मीच काढलं होतं. आता त्यांना साधं बटणही लावता येत नाही. त्या हातांची एवढी एकच खूण उरली होती, तीही विरघळणार होती. मला रडू आवरेना.

सासूबाई टेम्पोकडे वळल्या. "अहो, ती शेगडी खाली उतरवा."

"आजी, पार गंजलीय ती."

"मीही गंजलेय. उतरवा."

मग मला म्हणाल्या, "तीळ आणून ठेव. या संक्रांतीला हलवा तू करायचास. हात तुझे, बोलणी माझी."

दागिने आम्ही सोसायटीतल्या आंब्याच्या बुंध्याशी मुंग्यांना घातले. नथ शेवटी, त्यांनी स्वतः ठेवली. परतताना रिक्षात शेगडी माझ्या मांडीवर होती आणि जुनी राख कपड्यांवर सांडत होती. सासूबाईंनी माझा हात ओढून घेतला आणि एकेक बोट दाबून पाहिलं.

"भाजतील हं," म्हणाल्या.