देसांकाने टिलर हातात घेतला

माझी शेजारीण देसांका, हिच्या मिरच्या मोराव्हा नदीच्या या काठावर सगळ्यांत लाल होतात. हे मी सहजासहजी कबूल करत नाही, कारण माझी बागही तिच्या कुंपणाला लागूनच आहे. पण शरदात तिच्या अंगणात मिरच्या भाजून आयवारची चटणी ढवळायला घेतली की मी पाव घेऊन हजर असते, यातच काय ते आलं. बाई ठेंगणी, आवाज खणखणीत, आणि हट्टाला पेटली की देवाचंही ऐकायची नाही.

तिचा नवरा स्रेतेन हिवाळा सरता सरता गेला. त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलं, तसा तिचा धाकटा दीर चेदोमिर म्हणाला, "वहिनी, दादाचा पॉवर टिलर शनिवारी घेऊन जातो. माझ्याकडेच राहू दे. आधी माझं उरकतो, मग तुझी बाग बघू."

"मग म्हणजे कधी?"

"ज्युर्जेवदान होऊन गेला की. सवड मिळेल तशी."

मेच्या सुरुवातीला ज्युर्जेवदानचा सण आला की मिरचीची रोपं जमिनीत जायला हवीत. नाहीतर प्लास्टिकखाली नुसती लांबट होऊन वाया जातात, आणि हे चेदोमिरला चांगलं ठाऊक होतं. देसांकाने हातातली ताटं खाली ठेवली.

"शनिवारी या. बाग नांगरून तयार दिसली तर मशीन इथंच राहील. नाही दिसली तर खुशाल न्या."

"तयार करणार कोण?"

"मी."

टेबलभर हशा पिकला. चेदोमिरने सगळ्यांदेखत अट मान्य केली आणि पेल्यात आणखी थोडी राकिया ओतून घेतली. मला त्याचा असा राग आला की त्याच्यापुढची केकची बशी मी उचलूनच नेली.

आता अडचण अशी, की देसांकाने टिलर कधी हातात धरला नव्हता. स्रेतेनला चालवताना पाहिलं होतं, तेवढंच. आणि आमच्या गावचे पुरुष तो चालवतात कसा, ते ऐका: मुठीजवळचा दांडा दाबून धरला तरच पाती फिरतात आणि सोडला की थांबतात, ही कारखान्याने लढवलेली अक्कल. त्यावर आमच्या गड्यांनी आपली लढवली. दांडा सुतळीने मुठीला आवळून टाकायचा, म्हणजे सिगारेटसाठी एक हात मोकळा. स्रेतेनची सुतळीही जशीच्या तशी होती.

बुधवारी देसांकाने नवऱ्याचे जाड बूट चढवले, मशीन सुरू केलं आणि पहिल्याच दमात पाती खोल घातली. खाली दगड होता. मशीनने अशी उसळी मारली की तिचे हात सुटले, पण सुतळी कसली सुटते? टिलर एकटाच निघाला, कुंपणाच्या फळ्या मोडून माझ्या लसणात शिरला आणि माझ्या प्लमच्या झाडाला टेकून गुरगुरत राहिला. देसांकाने धावत येऊन बटण बंद केलं.

"माझ्याकडे यायचं तर फाटक आहे गं," मी म्हटलं.

"मिलुंका, तोंड आवर आणि सुरी दे."

तिने सुतळी कापली. मग इंजिन पुन्हा सुरू करून, पाती जमिनीला न टेकवता दांडा दाबला, सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. दरवेळी पाती थांबली. "हा मेला जन्मभर असाच चालवत आला," ती म्हणाली आणि तिथेच मातीत बसून रडली. पाय शाबूत ठेवून म्हातारा झाला हे नशीबच त्याचं, असं मी म्हटलं, तशी रडता रडता हसायला लागली.

गुरुवारी पाऊस आला. शुक्रवारी ऊन पडलं, तेव्हा मीच घाई करायला लागले. देसांकाने मूठभर माती दाबून पाहिली. कणकेसारखा गोळा झाला.

"वाफसा नाही, ओल जास्त आहे. आज टिलर घातला तर विटा होतील नुसत्या."

"अगं, उद्या शनिवार आहे."

"मातीला सांग तसं."

मग दिवसभर आम्ही दोघींनी वाकून दगड वेचले. हे काम आमच्याकडे बायकांचंच. माझी कंबर त्यातच गेली.

शनिवारी सकाळी मुठीतली माती बोट लावताच फुटली. देसांका कामाला लागली. पहिली पाळी वरवरची, दुसरी आडवी आणि खोल. मशीनला ढकलायचं नाही, हे तिला हातांनीच कळलं. मूठ जरा खाली दाबली की मागची खुंटी जमिनीत रुतते आणि पाती जागच्या जागी खोल जातात. हात सैल केला की मशीन आपलं पुढे सरकतं.

निम्मी बाग झाली असेल, तोच चेदोमिर ट्रॉली घेऊन आला आणि कुंपणाला टेकून सल्ले देऊ लागला. तेवढ्यात पात्यांना हरळी गुंडाळली. देसांकाने इंजिन बंद केलं.

"बंद काय करतेस? चालू ठेवूनच ओढायचं, वेळ वाचतो."

"भावोजी, वेळ तुमचा वाचेल, बोटं माझी जातील."

तिने गवत उपटून काढलं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेली. मी जागची हलले नाही.

चेदोमिर बागेत उतरला. एक-दोन ठिकाणी त्याने हात घालून पाहिला. मनगटापर्यंत सहज गेला. ढेकूळ शोधायला तो पार कुंपणापर्यंत जाऊन आला. मग हात झटकले आणि ट्रॉली मोकळीच वळवली. फाटकाशी मात्र थांबला.

"वहिनी, माझा बटाट्याचा तुकडा राहिलाय. मशीन देतेस का?"

"मशीन कुणाला देत नाही. मी घेऊन येईन सोमवारी."

"तू येणार?"

"येईन की. तोवर दगड वेचून ठेवा."

सोमवारी मी मुद्दाम त्या वाटेने गेले. चेदोमिर बादली घेऊन वाकला होता, आणि बांधावर टिलरशेजारी उभी राहून देसांका त्याला सांगत होती, "तिकडे राहिलाय एक. अजून डावीकडे."