प्रतिभानं लॅपटॉप पळवला

नारायणगावच्या स्टँडमागं प्रतिभाचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. नवरा, भरत, लग्नं शूट करायचा. ही कापाकापी करून गाणी घालायची. बाई कामाला वाघ, पण दम म्हणून नाही. भाकरी फुगायच्या आत काढणार, जीप भरायच्या आत ड्रायव्हरला "निघा की राव" म्हणणार. तिचा जुना लॅपटॉप मात्र निवांत स्वभावाचा.

२००८ च्या मार्चात आळे गावच्या कुशाबाई सकाळीच दुकानात येऊन बसल्या. नातीच्या सासरचे संध्याकाळी जेवायला येणार होते आणि त्यांना लग्नाची डीव्हीडी दाखवायची होती.

"मिक्सिंग झालंय मावशी. आता फक्त मशीनमधून बाहेर पडायचंय."

"मंग पडंना का?"

प्रतिभानं नेटवरून एक सॉफ्टवेअर उतरवून ठेवलं होतं. त्यात एक पट्टी होती. ती सरकवली की प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात चालायचा. "नको गं, जळंल," भरत म्हणेपर्यंत पट्टी सरकलीसुद्धा.

लॅपटॉप खरंच पळायला लागला. पंखा भणभणला, हळद झाली, नवरदेव मांडवात आला, आणि ऐन मंगलाष्टकांत स्क्रीन काळी. पुन्हा चालू केला, पुन्हा पट्टी सरकवली, पुन्हा मंगलाष्टकांतच बंद.

"पोरीचं लगीन लागू दे की गं!" कुशाबाई वैतागल्या. त्यांनी लॅपटॉपच्या पोटाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. "ताप भरलाय याला. गार जागी न्हे. आमचा भगवंत द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजला हाय."

भगवंत म्हणजे त्यांचा मुलगा. आईपुढं त्याचं काही चाललं नाही. भर उन्हाळ्यात कानाला स्कार्फ बांधून दोघी द्राक्षांच्या पेट्यांमध्ये बसल्या. प्रतिभानं कुडकुडत पट्टी सरकवली. पॅकिंगच्या बाया गोळा झाल्या. "नवरा लई वाळका हाय," स्क्रीनकडं बघत एक म्हणाली. "गप, कामाचा हाय," कुशाबाईंनी फटकारलं. मंगलाष्टकं निर्विघ्न पार पडली, बायांनी टाळ्या वाजवल्या आणि डीव्हीडी बाहेर आली.

लॅपटॉप बंद करून प्रतिभा बायांशी गप्पा मारत बसली. तेवढ्यात तो बर्फासारखा गार पडला. बाहेरच्या उन्हात आणताच त्याला दरदरून पाणी सुटलं. कुशाबाईंनी पदरानं पुसला, पण प्रतिभाचा चेहरा पडला.

"चालू करून बघू?"

"हात लावू नको," त्यांना न्यायला आलेला भरत म्हणाला. "वाळू दे."

आयुष्यात पहिल्यांदा ती थांबली. दोन दिवस लॅपटॉप पंख्याखाली उघडा पडून होता आणि ती त्याच्याभोवती येरझाऱ्या घालत होती. तिसऱ्या दिवशी तो सुरू झाला, तेव्हा तिनं आधी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं.

कुशाबाईंच्या पाहुण्यांनी डीव्हीडी दोनदा बघितली. पण खरा फायदा झाला पॅकिंगच्या बायांमुळं. पुढच्या सीझनला त्यांच्या घरची तीन लग्नं प्रतिभाकडं आली. अट एकच: "मिक्सिंग आमच्यासमोर करायचं. आन् नवरा जरा जाड दाखवायचा."