पहिला घास

निगडीच्या बस टर्मिनससमोरच्या मिसळीच्या दुकानात गल्ल्यावर एक काका बसायचे. दुकानाच्या पाच शाखा होत्या आणि सगळीकडे माल चाकणच्या एकाच किचनमधून यायचा. काका रोज सकाळी तो आधी स्वतः चाखायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “व्हय, चालंल.” तोवर कुणालाही प्लेट मिळत नसे.

“काका, शिफ्ट चुकंल राव,” कंपनीत निघालेलं गिऱ्हाईक कुरकुरायचं.

“चुकू दे. पोट बिघडलं तर आठवडा चुकंल.”

एका सकाळी त्यांनी चटणी चाखून थुंकली आणि सगळ्या शाखांना फोन करून वाढणं थांबवलं. पुनावळ्याच्या शाखेत तोवर काहींनी खाल्ली होती. मालक फोनवर म्हणाले, “पाटीवर ‘तांत्रिक कारणामुळे बंद’ लिहा. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

“मालक, ज्यांनी खाल्ली त्यांना कळाया नको?”

काकांनी खडूनं लिहिलं, ‘चटणी खराब आली. खाल्ली असंल तर डॉक्टरला दाखवा.’ पुनावळ्यालाही तेच लिहायला लावलं.

युनियनसाठी कंपन्यांच्या गेटवर मी कितीतरी पत्रकं लिहून वाटली, पण इतकं खरं पत्रक मला अजून लिहिता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका नव्हते. आता गल्ल्यामागे स्वच्छतेचं सर्टिफिकेट टांगलंय. प्लेट लगेच येते. पहिला घास हातात धरून मी मात्र थांबतो, कुणी ‘चालंल’ म्हणेल म्हणून.