तणाव्याला बांधलेली दोरी

आमचे यजमान तारेला कधी तार म्हणायचे नाहीत, तणावा म्हणायचे. तंबूला बांधतात तो तणावा. कोकणातला माणूस, गलबतावर दोरखंड ओढून ओढून हाताला घट्टे पडलेले. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले तेव्हा खलाशी म्हणून इथं लागले. समुद्र नाही आणि खलाशी कसले, असं मला आधी वाटायचं. पण लोखंडाची अवजड कामं वर चढवणाऱ्यालाही खलाशीच म्हणतात, हे मला इथं आल्यावर कळलं.

पन्नास साल उलटून गेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. कारखान्याची लोखंडी चिमणी नुकतीच उभी झालेली. तिला चार बाजूंनी चार तणावे, त्यातला एक पार शेताच्या बांधावरून पलीकडे गेलेला. काम संपलं, पण टोकाला एक कप्पी राहिली होती, आणि ती काढायला चढायचं होतं आमच्या यजमानांना. एखादा तणावा सैल असला तर वाऱ्यात चिमणी डुलते, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. सांगून स्वतः घोरत पडले, जागी मी.

आता तारेत ताण किती आहे ते बघायचं कसं? भाजीसारखी ती काही तराजूत घालता येत नाही. तिथले साहेब, वयाने तरुणच, तळहाताने तार ढकलायचे, सोडायचे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तिचे झोके मोजायचे. दोरीला टिचकी मारून बघा ना, ओढून बांधलेली लगबगीने थरथरते, सैल असली तर आळसावून झुलते. तसंच ते. चारही तणावे सारख्याच लांबीचे, तेव्हा झोकेही सारखे यायला हवेत.

चढायच्या दिवशी मी भाकरी आणि सुका जवळा घेऊन गेले, तर बांधाकडच्या तणाव्याशी दोघांचं चाललेलं.

साहेब म्हणत होते, "आकडा चारही ठिकाणी सारखा येतोय. चढायला हरकत नाही."

"आकडो तुमचो बरोबर आसात, सायबानू. पण ह्येचा पोट बघा, केवढा सुटलाहा."

साहेब हसले, पण खाली वाकून बघितलंच त्यांनी. तार खरंच मधे झोळीसारखी वाकलेली. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. घट्ट तारेचे झोके, सैल तारेचं पोट! घड्याळ कानाला लावून बघितलं बिचाऱ्यांनी.

"अहो, पोट सुटलंय तर चढू नका," मी म्हटलं.

"तू गप गो. जवळो झाकून ठेव, कावळे येतत."

एवढ्यात शेजारच्या मळ्यातल्या मावशी बांधावरून आल्या. गावच्या जुन्या घरच्या, आवाज खणखणीत. "सायेब, तुमचं झुलवून झालं आसंल तर माजी दोरी सोडून घिऊ का?"

"कुठली दोरी?"

"ही काय! घट बसायच्या आत गोदड्या धुवायला नगंत व्हय? तुमच्या तारंवर गोदडी ऱ्हाईना, घसरून खाली येती. मंग बाभळीपासनं तारंपत्तुर दोरी बांदली. गोदड्या वाळल्या, दोरी ऱ्हायली. आमी काय चोरून न्हाई बांदली!"

बांध उंच, म्हणून तिथं हात तारेला पोचायचा. काथ्याची मातकट दोरी, बाभळीच्या फांद्यांत दिसलीच नव्हती कुणाला. साहेबांनी दोरी बोटाने ओढून बघितली. मग आम्हाला समजेल असं म्हणाले, "दोरीने तार तिथेच धरून ठेवली. हलत होता तो नुसता वरचा तुकडा. तार आखूड झाली की भरभर हलते. मला वाटलं, घट्ट आहे."

मावशींनी गाठ सोडली. साहेबांनी तार पुन्हा ढकलली. आता तीच तार कशी, दुपारचं जेवून उठलेल्या माणसासारखी झुलली. बघून मावशींचा चेहरा उतरला.

"आगं पोरी, माज्या दोरीनं तुजं कुकू पुसलं आसतं की गं."

"तुम्ही दोरी न्यायला आलात ना मावशी," मी म्हटलं. तणावा गोधड्यांच्या ओझ्याने सैल पडला की पहिल्यापासूनच तसा होता, ते कुणालाच सांगता आलं नाही. गोधड्या तर माझ्याही घरी दरवर्षी धुतल्या जायच्या.

दोघांनी तारेच्या खालच्या टोकाचा आट्यांचा जोड फिरवून ती ताणली. चारही झोके पुन्हा मोजले, या वेळी दोरी-फांदी बघून. मग यजमान चढले. वर बघवेना, म्हणून मी तणाव्यावर तळहात टेकून उभी राहिले. तारेत बारीक कंप होता. वाऱ्याचा असेल. मी मात्र धरून चालले की ती त्यांची पावलं आहेत. अजून आहेत, अजून आहेत. मावशीही शेजारी येऊन तारेला हात लावून उभ्या राहिल्या.

कप्पी घेऊन ते उतरले. जवळा खाल्ला, मीठ कमी आहे म्हणाले. मग मावशींची दोरी घेऊन दोन बाभळींच्या मधे स्वतः ओढून बांधली, तणाव्यापासून चांगली लांब. जाता जाता तिला टिचकी मारली आणि कान देऊन थांबले.

"आता घाला गोधड्यो," म्हणाले.