वगळण्यात आलेली माणसं

आमच्या प्रत्येक शोधनिबंधात एक वाक्य असतं: 'काही सहभागींची माहिती विश्लेषणातून वगळण्यात आली.' कुणी मशीनमध्ये हललेलं असतं, कुणी मध्येच उठून बसलेलं असतं, कुणाचा आलेख कशातच बसत नाही. वाचणारे ते वाक्य ओलांडून पुढं जातात. वगळलेली माणसं पुढं कुठं जातात, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. ती माझ्याकडेच राहतात. भाजी चिरताना, आसरा चौकात सिग्नलला थांबलेली असताना, त्यातलं एखादं मध्येच डोकं वर काढतं.

मी मेंदूवर संशोधन करते. बाहेर शिकले आणि सोलापूरला परत आले. दर रविवारी सकाळी एका स्कॅन सेंटरचं एमआरआय मशीन मला वापरायला मिळतं. ते चालवतात मल्लिनाथअण्णा. अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. स्कॅन बघून ते एखादंच वाक्य बोलतात. बहुतेक वेळा ते माझ्या निबंधापेक्षा बरं असतं.

*

वळसंगचे एक शेतकरी आले होते, गुरुसिद्धप्पा. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेला, डावा हात लुळा. मी तो हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"हा कुणाचा?"

"थोरल्या भावाचा."

"भाऊ कुठं असतात?"

"गेला की. सा वर्सं झाली."

"मग त्यांचा हात इथं कसा?"

"ते मलाबी कळंना झालंय," ते शांतपणे म्हणाले. "पर गार पडतोय सारखा. म्हून टावेल गुंडाळून ठिवतो."

मुलगा शेजारीच उभा होता. तो नंतर मला म्हणाला, "मॅडम, काकांच्या करंगळीचं नख असंच वाकडं होतं. आमच्या अप्पांचं कधी नव्हतं." मी म्हटलं, तुमचं लक्ष आत्ता गेलं असेल. तो बरं म्हणाला.

झटक्यानंतर काही जणांना स्वतःचा अवयव परका वाटतो. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत जातंही. यांचंही गेलं. पुन्हा आले तेव्हा टॉवेल नव्हता. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "हात माझाच निगाला, मॅडम." आणि दुखवट्याला आलेल्या माणसासारखे मान खाली घालून बसले.

*

भवानी पेठेतले एक आजोबा. चाळीस वर्षं यंत्रमागावर काढलेली. कान जवळजवळ गेलेले, पण डोक्यात माग चालू. ऐकू येणं कमी झालं की मेंदू कधी कधी स्वतःच आवाज तयार करतो, त्यात नवल नाही. यांच्या डोक्यात चार माग होते आणि तिसऱ्याचा धागा सारखा तुटायचा. बोलता बोलता ते थांबायचे आणि म्हणायचे, "तुटला."

एमआरआयचा खडखडाट भल्याभल्यांना सोसत नाही. हे मात्र हसतमुख बाहेर आले. "मशीन सुरू झालं आणि माझे माग बंद पडले," म्हणाले. "मग तुमचं मशीनपण थांबलं. किती वर्षांनी शांतता ऐकली. फक्त शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं."

मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हटलं, "तुमचाच असेल."

"आधी मलापण तसंच वाटलं. म्हणून मी माझा रोखून धरला."

अण्णा त्यांना चप्पल घालायला मदत करत होते. ते मला हळूच म्हणाले, "पुढच्या माणसाला आत घ्यायच्या आधी जरा दार उघडं ठेवू या."

*

अकलूजहून एक निवृत्त शिक्षक बायकोला घेऊन आले. बाईंचं ठाम म्हणणं असं, की हा माणूस आपल्या नवऱ्यासारखा दिसतो, पण तो नाही. चेहरा ओळखू येतो, पण ओळखीची भावना आतून उठत नाही, असा हा आजार आहे. आवाजाचा रस्ता मेंदूत वेगळा असतो, तो अनेकदा शाबूत राहतो. म्हणून मी सरांना सुचवलं, अंगणात जाऊन त्यांना फोन करून बघा.

बाईंनी फोनवर लगेच ओळखलं. रडल्या. कुठं होतात इतके दिवस, म्हणाल्या.

तेव्हापासून सर रोज दुपारी अंगणात जाऊन बायकोला फोन करत. ती त्यांच्याकडे घरातल्या माणसाबद्दल तक्रार करी. आंघोळीचं पाणी सांडतो. तुमचा चष्मा वापरतो. सर ऐकून घेत. मग आत जाऊन सांडलेलं पाणी पुसत.

शेवटचे भेटले तेव्हा मी विचारलं, कसं चाललंय.

"काल फोनवर म्हणाली, 'तुम्ही लवकर या हो. मला या माणसाची सवय व्हायला लागलीय.'"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"येतो म्हणालो. आणखी काय सांगणार?"

*

हा अगदीच छोटा. तुलनेसाठी निरोगी माणसं लागतात, तसे एक गणिताचे प्राध्यापक स्वतःहून आले होते. स्कूटरवरून आले, हेल्मेट काढलं, आत झोपले. पडद्यावर पहिलं चित्र उमटलं आणि अण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लहान मेंदूचा डावा अर्धा भाग नव्हताच. तिथं नुसतं पाणी.

"हे आत चालत गेले ना?" अण्णांनी विचारलं.

जन्मापासून असं असलं तर बाकीचा मेंदू सांभाळून घेतो. काळजीचं काही नाही, हे मी प्राध्यापकांना समजावून सांगितलं आणि चित्र दाखवलं. ते त्या काळ्या जागेकडे खूप वेळ बघत राहिले.

"तरीच," ते म्हणाले.

कशाबद्दल, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

*

एकदा मशीनमध्ये नवीन भाग बसवला होता. चाचणीसाठी मीच आत झोपले. बाहेर येऊन माझीच चित्रं बघत बसले असताना अण्णा चहा घेऊन आले आणि दारातच थबकले.

"साहेबांचा स्कॅन आज का काढून बसलाय?"

माझ्या वडिलांचे शेवटचे स्कॅन अण्णांनीच काढले होते. त्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

"हा माझा आहे, अण्णा."

त्यांनी कप खाली ठेवला. कपाळामागची पोकळी, कवटीचा उतार, हे बापलेकीत मिळतंजुळतं असू शकतं. हे मी त्यांना सांगितलं. मग घरी जाऊन आरशासमोर उभी राहून पुन्हा एकदा स्वतःला सांगितलं.

*

आता पद्माच्या आईची गोष्ट.

ही तेलुगू बोलणारी, विणकरांच्या घरातली माणसं. आईनं जन्मभर विड्या वळल्या. हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं, पण मधल्या मिनिटांत मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. दोन वर्षं डोळे उघडे ठेवून बिछान्यावर, नळीनं अन्न. हाकेला ओ नाही. भाऊ म्हणत होता, नळी काढू या, आईचे हाल थांबवू या. पद्मा रोज आईशी बोलायची. ती माझ्याकडे आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मी कुणाशी बोलतेय ते एकदा कळू द्या."

अशा रुग्णाला हेडफोनमधून सांगतात, अमुक काम करतोय अशी कल्पना करा. मग सांगतात, थांबा. अर्धं मिनिट काम, अर्धं मिनिट विश्रांती. आत कुणी ऐकत असेल तर मेंदूच्या त्या भागात रक्त जास्त धावतं, थांबा म्हटलं की ओसरतं. पडद्यावरची रेघ वर जाते, खाली येते. मी काम निवडलं विड्या वळण्याचं. सूचना पद्माच्याच आवाजात तेलुगूत रेकॉर्ड केल्या. वळ. थांब.

पहिल्या रविवारी रेघ सपाट राहिली. मी पद्माला खोटं सांगितलं नाही. तिनं मान डोलावली, आणि एकदाच परत करा म्हणाली. या वेळी तिला आईजवळ उभं राहायचं होतं.

पुढच्या रविवारी अंगावरचं सगळं लोखंड-सोनं काढून, कानात कापसाचे बोळे घालून ती आईच्या पायांवर हात ठेवून उभी राहिली. आम्ही सुरू केलं. रेघ वर गेली. अर्ध्या मिनिटानं खाली आली. पुन्हा वर. असं दहा वेळा, एकदाही न चुकता. अण्णा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

मी काचेतून पद्माला हात केला. ती काय ते समजली आणि तिथंच जमिनीवर बसली. बाहेर आल्यावर तिनं आधी भावाला फोन लावला. नळी राहिली.

सगळं आवरताना अण्णांनी मला हाक मारली. आवाजाचं बटण शून्यावर होतं. आदल्या दिवशी एका पेशंटला हेडफोनमधलं काही नको होतं म्हणून त्यांनीच ते फिरवलं होतं. आम्ही दोघांनी पुन्हा सगळं लावून बघितलं. हेडफोन मी स्वतः कानाला लावला. काहीही ऐकू येत नव्हतं.

मी पद्माला कोपऱ्यात घेतलं. "खरं सांग. आत तू आईच्या पायाला काही खूण केलीस? दाबलंस? मोजत होतीस?"

"नाही हो. हात नुसता ठेवला होता."

"आईला काहीच ऐकू गेलेलं नाही, पद्मा. आज आवाज बंद होता."



"बंद कसा असेल, मॅडम? मला कापसातूनसुद्धा नीट ऐकू येत होतं. वळ, थांब, वळ, थांब. मी तुम्हाला तेच विचारणार होते. मागच्या वेळी माझा आवाज भरून घेतला होता ना? मग आज आईचा कुठून मिळवलात?"