लेजरखालचा अंधार

हिंगोलीच्या बसस्टँडवर आमच्या बाकावर एक शिंपी बसला होता. गळ्यातला टेप काढायचा राहून गेलेला. दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीचं ऑपरेशन होतं. तिच्या डोळ्याचा समोरचा पडदा टोकदार होत चालला होता. तो सपाट राहावा म्हणून त्यात लेजरनं वाट करून बारीक रिंग बसवणार होते. ती डोळा चोळू लागली, तसा तो म्हणाला, "बाई, चोळू नको. मलाबी रिंग बसवलीय."

"दिसतं का बराबर?" मी विचारलं.

"चष्मा लावून सुई ओवतो. पण लेजरच्या वक्ताला घडीभर अंधार झाला. वाटलं, गेला डोळा! मला कुणी सांगितलं न्हवतं, म्हणून सांगून राहिलो."

"किती वेळ?" लेकीनं विचारलं.

डोळे मिटून तो हळूहळू मोजू लागला. तीही मोजू लागली. तिसाला तो थांबला.

"एवढाच."

मी श्वास रोखून बसलो होतो.